मनावर कुणी घ्यायचे?

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या घरी पन्नासएक माणसे फराळाला येतात. ओसरीवर अण्णांची खुर्ची असते. अण्णा म्हणजे माझे सासरे. येणारा प्रत्येकजण आधी त्यांच्यापाशी थांबतो, वाकून नमस्कार करतो, मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या उजव्या हाताकडे ओझरते पाहतो आणि मग ठरलेले वाक्य बोलतो, “अण्णा, जरा मनावर घ्या!” वकीलसाहेब हे म्हणतात, वाणी म्हणतो, बँकेतून निवृत्त झालेले शेजारी म्हणतात; परवा तर दूध घालणारा पोरगाही म्हणाला. सगळी भली माणसे. कुणाच्या मनात काडीचे वाईट नाही. आणि तरीही, वाचकहो, सणासुदीच्या दिवशी कडू बोलण्याचा दोष पत्करून मी सांगते की, ह्या एका वाक्याइतके क्रूर वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. माझा आजचा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंत. जुनी माणसे मॅट्रिक म्हणत तेवढेच. सकाळी बालवाडीतल्या चाळीस मुलांना खडू धरायला शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. तेव्हा ‘तुम्हांला मेंदूतले काय कळते?’ असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की, ज्याच्या घरात आग लागते त्याला पाण्याची विहीर शोधावीच लागते. माझा पुतण्या इंग्रजी वाचतो. त्याला मी रात्र रात्र जागवले आहे, आणि तालुक्याला येणाऱ्या एका फिजिओथेरपीच्या ताईचे डोके खाल्ले आहे. मेंदू हातापायांची हालचाल कशी घडवतो, ह्यावर जगात दीडशे वर्षे संशोधन चालू आहे. त्यातले मला जे समजले ते माझ्या चाळीस पोरांच्या आयांनाही समजण्यासारखे आहे. ते आपल्या ओसरीपर्यंत अजून का पोचले नाही, एवढीच माझी तक्रार.

अण्णा शिंपी. २०१८ चा जून महिना होता आणि शाळेच्या गणवेशांची घाई होती. सकाळी सातच्या सुमारास कात्री हातातून पडली. उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि उजवे अंग गेले. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या रुग्णालयात नऊ दिवस होते. त्यांचा जीव वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण नवव्या दिवशी आमच्या हातात बिलाबरोबर एक कागद ठेवण्यात आला. वर इंग्रजी मजकूर आणि खाली हात वर, हात खाली अशी वीस चित्रे. “हे घरी करून घ्या,” असे सांगण्यात आले. सांगितले कुणाला? मुलाला नव्हे, माझ्याकडे, सुनेकडे पाहून. करून दाखवायला कुणी नव्हते. विचारले तर म्हणाले, “चित्रं आहेत ना! बाकी पेशंटनं मनावर घेतलं पाहिजे.”

तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात राहायला आले.

मी रोज त्यांचा हात धरून वर करी, खाली करी. अण्णा आढ्याकडे पाहत. हात माझा हलत होता, त्यांचा नव्हे. दोन महिने गेले, चार गेले. शेवटी एका रात्री, दिवसभराची दमलेली मी बोलून गेले, “अण्णा, तुम्ही मनावरच घेत नाही!” ते बराच वेळ गप्प राहिले. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती. शब्द शोधून शोधून बोलत. म्हणाले, “पोरी, मन रोज तिथंच जाऊन बसतंय. हात दार उघडत नाही.”

मी त्यांची क्षमा मागितली नाही. तेव्हा ते वाक्य मला समजलेच नाही. समजले ते वर्षभराने, आणि तेही कॅनडातल्या एका डॉक्टरामुळे.

ह्या डॉक्टरांचे नाव वाइल्डर पेनफील्ड. मॉन्ट्रिऑल शहरात ते अपस्माराच्या रोग्यांवर मेंदूच्या शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे कवटी उघडलेली असताना रोगी जागा राहू शकतो, बोलू शकतो. पेनफील्ड मेंदूच्या पृष्ठभागावर विजेची बारीकशी तार टेकवीत आणि काय घडते ते लिहून ठेवीत. एका जागी टेकवली की अंगठा हले, दुसऱ्या जागी ओठ, तिसरीकडे पाय. अशा नोंदींवरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९३७ साली शरीराचा नकाशाच प्रसिद्ध केला. मोठा विचित्र नकाशा! पाठपोटाला चिंधीएवढी जागा, आणि हाताला व तोंडाला ठाणच्या ठाण. कुठल्या शिंप्याने ह्या मापाने सदरा बेतला असता तर गिऱ्हाईक अंगावर धावून आले असते. पण निसर्गाचा हिशेब बरोबर आहे. सुईत दोरा ओवणे आणि बोलणे ह्याइतकी नाजूक कामे पाठीला कुठे करावी लागतात?

माझ्या मुद्द्याचे ते पुढेच आहे. तार टेकवल्यावर हात हलला की पेनफील्ड रोग्याला विचारीत. रोगी सांगत की, हा हात मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. हात हलत होता, पण त्यांच्या मनात तो हलवायचे नव्हते. इच्छा आणि हालचाल ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या रोग्यांनी आपल्या तोंडाने सांगितले. मग ह्याच्या उलटही घडू शकेल की नाही? इच्छा आहे आणि हात हलत नाही! माझे अण्णा नेमके तेच सांगत होते, आणि आम्ही त्यांना आळशी ठरवीत होतो.

हे कसे घडते तेही सांगते. मेंदूच्या पृष्ठभागावरून हुकूम घेऊन निघालेले तंतू आत एका अरुंद खिंडीत एकत्र येतात. तिथून खाली उतरून, मानेच्या वर, त्यांतले बहुतेक बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. मग पाठीच्या कण्यातून ते हाताच्या वाटेला लागतात. त्या खिंडीत हरभऱ्याएवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटला तरी अर्धे अंग लुळे पडू शकते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळावी तसे हे आहे. एस.टी. स्टँडवर उभी आहे, ड्रायव्हर जाग्यावर आहे, तिकिटे फाडून झाली आहेत. पुढे रस्ताच नाही. अशा वेळी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून “जरा मनावर घे” म्हणणारा अधिकारी कुणी पाहिला आहे काय? आपण मात्र रोज तसले अधिकारी होतो.

“म्हणजे सगळं संपलंच म्हणायचं!” असे कुणी म्हणेल. तेही खोटे. मोठा रस्ता गेला म्हणून डोंगरातल्या पायवाटा जात नाहीत. अमेरिकेत रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान माकडांवर केलेले प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाले. माकडाच्या मेंदूत हाताचे काम पाहणारी थोडीशी जागा निकामी केली. ज्यांना पुढे काही शिकवले नाही, त्यांच्या शेजारची, धडधाकट राहिलेली हाताची जागाही आटत गेली. ज्यांना खड्ड्यांतून खाऊचे तुकडे काढायचा रोजचा सराव दिला, त्यांची ती जागा टिकली. काहींच्यात तर पूर्वी कोपर-खांद्याचे काम करणारा शेजार हाताच्या कामाला लागला. मेंदूचा नकाशा दगडावर कोरलेला नाही. तो मातीच्या अंगणात काढलेल्या रांगोळीसारखा आहे. रोज काढावी लागते, आणि न काढली तर पुसून जाते.

हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि रडूही आले. अहो, हे तर मी रोज सकाळी पाहते! चार वर्षांचे पोर सदऱ्याचे बटण लावायला बसते. जीभ बाहेर येते, कपाळावर आठी पडते, बटण काजाशेजारून निसटते. वीस वेळा निसटते, पन्नास वेळा निसटते. महिनाभराने ते खाली न पाहता बटण लावते आणि धावत सुटते. ह्या महिन्यात मी त्याला काय दिले? मोठे बटण, सैल काज, वेळ, आणि “पुन्हा एकदा” म्हणणारा आवाज. ‘तू मनावर घेत नाहीस’ असे मी त्याला म्हटले असते तर त्याच्या आईने मला शाळेतून काढायला लावले असते. चार वर्षांच्या हाताला आपण शिकाऊ मानतो. चौसष्ट वर्षांच्या हाताला गुन्हेगार मानतो. हा कुठला न्याय?

आता दुसऱ्या पापाकडे वळते. ते शिव्याशापांचे नव्हे, मायेचे पाप आहे, म्हणून सांगायला अवघड.

आमच्या सासूबाईंनी अण्णांना पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही. घास भरवला, बटणे लावली, नाक पुसले. उरलेसुरले काम अण्णा डाव्या हाताने करीत. उजवा हात मांडीवर, उशीवर, नाहीतर खिशात. पाहुणे म्हणत, “काय सेवा करते बाई!” आणि ती सेवा रोज थोडी थोडी त्या हाताचा जीव घेत होती.

एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे कोडे माकडांवर सोडवले. माकडाच्या एका हाताची संवेदना मेंदूला पोचवणारे तंतू कापले, की माकड तो हात वापरणे सोडून देई. जुन्या शास्त्रज्ञांनी ठरवून टाकले होते की, संवेदना गेली म्हणजे हालचाल होणारच नाही. टॉबने काय केले? त्याने चांगला हात बांधून ठेवला. आणि ‘मेलेला’ हात खाऊ उचलू लागला! पहिल्या दिवसांत माकड तो हात वापरू पाहते, फसते, पडते, घास सांडते. मग ते धडा शिकते की, हा हात वापरायचा नाही. पुढे हातात थोडे बळ परत येते, पण शिकलेला धडा तसाच राहतो. हात न वापरणे हीसुद्धा एक शिकलेली गोष्ट असू शकते. आणि जे शिकले ते विसरवताही येते.

ह्यावरून माणसांसाठी एक उपचार निघाला. त्याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रोगी. सरासरी वय साठीच्या पुढे. त्यांतल्या एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा चढवला आणि आठवड्यातले पाच दिवस दुबळ्या हाताला शिकवणी दिली, दिवसाला सहा तासांपर्यंत. नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांपेक्षा ह्या गटाचे हात अधिक सुधारले, आणि वर्षानंतरही ती सुधारणा टिकून होती. म्हाताऱ्या हातांनी दोन आठवडे शाळा केली, आणि ते पास झाले.

आमच्या घरी हे उशिरा आले. ती फिजिओथेरपीची ताई आठवड्यातून एकदा तालुक्याला, भाड्याच्या खोलीत बसते. तिने पहिल्यांदा अण्णांना काहीही न सांगता नुसते पाहिले. मनगट किंचित उचलता येते का, बोटे थोडी उघडतात का, तोल राहतो का. मग म्हणाली, “बाबा, डावा हात आपण थोडे दिवस सुट्टीवर पाठवू.” सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “अहो, एक गेला तो गेला, दुसराही बांधता?” आमच्याकडे तसला मोजा कुठला! अण्णांनीच माप सांगितले, सासूबाईंनी मशीनवर जाड गवसणी शिवली. आयुष्यभर गावाला कपडे शिवणाऱ्या माणसाने आपल्या चांगल्या हातासाठी पिशवी शिवून घेतली. शिवण तिरकी गेली तेव्हा ते रागावले. झटक्यानंतर इतके स्वच्छ ते प्रथमच बोलले!

मग चिंचोके आले. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, एकेक. माझ्या बालवाडीतला खेळ. फरक एवढाच की, मोजणारी मी आणि खेळणारे सासरे. परदेशांत २००९ साली कुणी चिकाटीने मोजून पाहिले की, झटक्यानंतरच्या उपचारात एका बैठकीला दुबळ्या हाताकडून कामाची हालचाल किती वेळा करून घेतली जाते. सरासरी निघाली ३२! आणि प्रयोगातल्या प्राण्यांचा मेंदू बदलतो तो दिवसाला शेकडो वेळा केल्यावर. बत्तीस वेळा ‘ग’ गिरवून कुणाचे अक्षर सुधारले आहे? आम्ही तीनशे चिंचोक्यांपर्यंत गेलो. अण्णा घामाघूम होत, चिडत, वाटी उलथून टाकीत. एकदा तर सगळे चिंचोके अंगणात भिरकावले. भिरकावले ते उजव्या हाताने, हे ताईने हसत दाखवून दिले तेव्हा ओसरीवर सगळी माणसे हसली, अण्णा सोडून.

चमत्कार झाला नाही. कथा-कादंबऱ्यांत मी तो घडवला असता. इथे खोटे लिहिणार नाही. अण्णांनी पुन्हा कात्री चालवली नाही, चालवणारही नाहीत. पण कापड मेजावर दाबून धरतात. सदऱ्याची खालची तीन बटणे स्वतः लावतात. वरच्या दोनांना अजून हात पोचत नाही. चकली उचलतात. कधी ती बोटांत मोडते. मग मोडलेली खातात. एवढेच. ज्याला दोन्ही हात आहेत त्याला हे ‘एवढेच’ वाटेल. ज्याला बटणासाठी सुनेला हाक मारावी लागत होती, त्याला विचारा.

कुणी हे वाचून घरच्या रोग्याचा चांगला हात उद्या सकाळी बांधून टाकू नये. ज्याच्या बोटांत मुळीच हालचाल नाही त्याला हा उपचार लागू नाही. सरावालाही वेळ आणि माप असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रोग्यांच्या एका परीक्षेत असे दिसले की, झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून भारंभार चालवले तर फायद्याऐवजी तोटा होतो. म्हणून तर शिकवणारा माणूस हवा! माझे सगळे भांडण तेवढ्यासाठीच आहे.

इथे सरकारी कचेरीतला कुणी हुशार माणूस म्हणेल, “बाई, तुम्हीच दाखवलंत की घरच्या घरी जमतं! मग आम्ही पगारी माणसं कशाला नेमायची? सुनेला कागद दिला की झालं.” ह्या युक्तिवादाची मी वाटच पाहत होते. नेमकी हीच गोष्ट आपल्या देशात तपासून झाली आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांतले १२५० रोगी घेतले. अर्ध्यांच्या घरच्या एका माणसाला व्यायाम करून घ्यायला शिकवले, घरी जाऊन मार्गदर्शनही केले. बाकीच्यांवर नेहमीचे उपचार चालू ठेवले. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन ह्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. घरच्यांच्या खांद्यावर ओझे टाकून रोगी सुधारत नाही, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. घरच्यांची माया खोटी नसते, पण माया म्हणजे शिकवणे नव्हे. प्रत्येक आईचे मुलावर प्रेम असते, म्हणून आपण शाळा बंद केल्या का? आमच्याकडे जे काही जमले ते आठवड्याला येऊन चूक दाखवणाऱ्या, माप बदलणाऱ्या, अण्णांना आणि मलाही दटावणाऱ्या त्या ताईमुळे जमले. ती आठवड्यातून एकच दिवस येते, आणि तिच्या खोलीबाहेर चार तालुक्यांतली माणसे बसलेली असतात.

आणि आपण काय करतो? आपण टाळ्या वाजवतो. मेंदूत चिप बसवली, माणसाने नुसत्या विचाराने पडद्यावरचा बाण हलवला, अशी बातमी आली की मोबाइल घरोघर फिरतो. अण्णांनाही चौघांनी दाखवून झाला. ह्या संशोधनाची मी टिंगल करणार नाही. ते खरे आहे आणि थोर आहे. २००४ साली अमेरिकेत मॅथ्यू नेगल ह्या तरुणाच्या मेंदूत ९६ सूक्ष्म इलेक्ट्रोडांची एक चिप बसवली. सुरीहल्ल्यात त्याचे मानेखालचे सारे अंग गेले होते. त्याने विचाराने पडद्यावरचा बाण फिरवला, यांत्रिक पंजा उघडला-मिटला. २०१२ साली कॅथी हचिन्सन ह्या बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. झटक्याने जवळजवळ पंधरा वर्षे त्यांना हातपाय हलवता येत नव्हते, बोलता येत नव्हते. त्यांनी मेंदूच्या इशाऱ्याने यांत्रिक बाहूकडून कॉफीची बाटली तोंडाशी आणवली आणि नळीने घोट घेतला. त्या घोटापुढे माझी मान लवते. ज्यांचा रस्ता पुरताच तुटला आहे, त्यांच्यासाठी ह्यावाचून दुसरा मार्ग नाही. तो शोधलाच पाहिजे.

पण ह्या झगमगाटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मान मोडल्यामुळे पंजा गेलेल्यांसाठी अमेरिकेत एक यंत्र निघाले होते. ते शरीरात बसवायचे, आणि दुसऱ्या बाजूचा खांदा हलवला की विजेच्या झटक्याने मूठ मिटायची. १९९७ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. अडीचशेच्या आसपास माणसांनी ते बसवून घेतले. चार-पाच वर्षांत कंपनीने ते विकणे बंद केले, परवडेना! यंत्र चालत होते, माणसे त्याने जेवत होती, लिहीत होती. पण सुटा भाग बिघडला तर जायचे कुठे? शोध लावणे आणि तो माणसाजवळ टिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्याला हार मिळतात. दुसऱ्याला कारकुनी म्हणतात.

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. टॉबच्या ज्या प्रयोगशाळेत ती माकडे होती, तिथे १९८१ साली पोलिसांची धाड पडली. मेरिलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावची ही गोष्ट. १७ माकडे जप्त झाली. त्यांचे हाल झाल्याचा खटला चालला. खालच्या कोर्टात टॉब दोषी ठरला, पुढे अपिलात तो निकाल रद्द झाला. न्याय-अन्यायाचा काथ्याकूट मी करीत नाही. पण ज्या मुक्या जिवांच्या यातनांतून हे ज्ञान आले, ते कपाटात पडून राहावे आणि आपण त्याऐवजी “मनावर घ्या” म्हणत फिरावे, ह्यासारखे दुहेरी पाप नाही. ज्ञान नव्हते तेव्हा आपण अडाणी होतो. ज्ञान आले आणि वापरले नाही, तर आपल्याला काय म्हणायचे?

माझे मागणे चंद्राचे नाही. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात माझ्या बालवाडीच्या खोलीएवढी एक खोली असावी. तिथे रोज, आठवड्यातून एकदा नव्हे, रोज, शिकलेला फिजिओथेरपिस्ट बसावा. मेज असावे, वाट्या असाव्यात, मोठ्या बटणांचे सदरे असावेत, चिंचोके असावेत. झटका आलेल्या माणसाला घरी पाठवताना चित्रांचा कागद न देता त्या खोलीत त्याचे नाव घालावे. मराठीत सांगावे, करून दाखवावे, वही ठेवावी; आणि गैरहजर राहिला तर चौकशीला माणूस पाठवावा. शाळेत मूल आठ दिवस आले नाही तर मी त्याच्या घरी जाते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या घरी कुणी का जाऊ नये? मुंबईत हाजी अलीला अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ सालापासून उभी आहे. मग ही विद्या आपल्याला नवीन आहे असे कुणी म्हणू नये. मुंबईहून आमच्या तालुक्यापर्यंतचा तिचा रस्ताच कुणी बांधला नाही. मेंदूतली दरड निसर्गाने पाडली. ही दरड कुणी पाडली?

पैसा नाही म्हणतात. गावोगाव कमानी उभ्या राहतात, पुतळ्यांचे चौथरे बांधले जातात, त्याला पैसा असतो. मी चिडून बोलते आहे हे मला कळते. पण एका शिंप्याचा उजवा हात वर्षभर आमच्या अडाणीपणाच्या उशीवर पडून होता, आणि त्या वर्षाचा हिशेब मला कुणी देऊ शकत नाही. तो ताईकडे महिन्याभरात गेला असता तर आज पाचही बटणे लागली असती का? नक्की कुणीच सांगू शकणार नाही. मला झोप येत नाही ती ह्याच प्रश्नाने.

असो. सणाचे दिवस आहेत, कडू पुरे. ह्या दिवाळीत तुम्ही कुणाच्या घरी फराळाला जाल आणि तिथे असा एखादा हात मांडीवर पडलेला दिसेल. त्याला उपदेश करू नका. ताट त्याच्या दुबळ्या बाजूने पुढे करा आणि थांबा. घाई करू नका, लाडू हातात कोंबू नका, नजर फिरवू नका. चिवडा सांडेल, सांडू द्या. चार वर्षांच्या नातवाने सांडला तर आपण कौतुकच करतो. आणि घरी परतताना त्या माणसाच्या मुलाला विचारा, ‘ह्यांना शिकवायला कुणी येतं का?’ नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी आमदाराच्या दारात माझ्याबरोबर उभे राहायला या.

यंदा भाऊबीजेला नणंदबाई आल्या होत्या. ओवाळून झाल्यावर माझ्या यजमानांनी ताटात ओवाळणी घातली. अण्णा म्हणाले, “थांबा.” त्यांनी खिशातून नोट काढली. उजव्या हाताने. नोट दोनदा पडली. नणंदबाई उचलायला वाकल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. तिसऱ्या वेळी नोट ताटात पडली. निरांजनाला चाटता चाटता वाचली. कुणी काही बोलले नाही.

एवढ्यात दारातून कुणीसे म्हणाले, “वा अण्णा! मनावर घेतलंत म्हणायचं!”

अण्णा माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, “मी पहिल्याच दिवशी घेतलं होतं. बाकीच्यांचं काय ते विचार.”

म्हणून विचारते आहे.